दुसऱ्याच्या पैशावर पोकर: भरवसा नेमका कुठे मोडतो?

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलतानाची पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

लोकलमध्ये एका हातानं दांडी पकडून ऐकत असाल, जिममध्ये असाल, नाहीतर रात्री झोप येत नाही म्हणून कानात इअरफोन घालून पडले असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा भाग पैशांबद्दल आहे आणि थोडा मैत्रीबद्दल. विषय आहे पोकरमधलं स्टेकिंग. म्हणजे खेळणारा एक, पैसे दुसऱ्याचे, आणि जिंकलं तर वाटणी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा फरक त्यात धरलेलाच नाही. म्हणजे ऑनलाइन पोकरही त्यात आलं. त्यामुळे कुणी तुम्हाला म्हणालं, 'मी ऍपवर खेळतो, तू फक्त पैसे टाक', तर तो विषय तिथेच संपवा. आज मी बोलणार आहे ते टेबलावर समोरासमोर बसून खेळतात त्या पोकरबद्दल. तो खेळ मुख्यतः अमेरिकेतला, लास व्हेगसचा. आपल्याकडे गोव्याच्या कॅसिनोंमध्येही तो चालतो आणि पुण्या-मुंबईहून तिथे खेळायला जाणारी मुलं आहेत. आणि हो, जा आणि खेळा असं मी अजिबात सांगत नाहीये. पण तुमच्या ग्रुपवर कधी ना कधी असा मेसेज येऊ शकतो: 'गोव्याला टूर्नामेंट खेळायला चाललोय, थोडे टक्के विकतोय, कुणाला हवेत?' तेव्हा आपण नेमकं कशाला हो म्हणतोय, हे कळायला हवं.

तर स्टेकिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. 

समजा स्पर्धेची प्रवेश फी ५०,००० रुपये आहे. खेळाडूला एवढी जोखीम एकट्यानं घ्यायची नाही. मग तो स्वतःचे ४० टक्के विकतो. सरळ भावात एक टक्का ५०० रुपयांना पडतो. पण खेळाडू म्हणतो, 'मी चांगला खेळतो, माझा टक्का ६०० ला.' याला मार्कअप म्हणतात, इथे तो १.२ झाला. ४० टक्क्यांचे झाले २४,००० रुपये. म्हणजे खेळाडूला स्वतःचे ६० टक्के फक्त २६,००० मध्ये पडले. यात फसवणूक काही नाही, भाव उघड सांगितलेला आहे. पण पैसे लावणाऱ्यानं एवढं लक्षात घ्यावं की हा खेळाडू सरासरीनं फीच्या सव्वापट, नेमकं सांगायचं तर १.२ पट, परत आणत असेल तरच त्याचे पैसे जेमतेम सुटतात. तेवढी कुवत फार थोड्या खेळाडूंत असते.

जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पोकर विजयामागेही अशी भागीदारी होती. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट इंटरनेटवरच्या एका स्वस्त पात्रता स्पर्धेतून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला. ८३९ खेळाडू होते. त्यानं २५ लाख डॉलर जिंकले आणि त्यानंतर जगभर पोकरची लाटच आली. पण तो सगळा पैसा त्याचा एकट्याचा नव्हता. व्हेगसला जाण्याआधी त्यानं स्वतःचे काही हिस्से विकले होते, आणि ते घेणाऱ्यांत त्याचे वडीलही होते. त्या स्पर्धेच्या फायनल टेबलवर बसलेल्या माणसाच्या मागे असे दोन-चार अदृश्य भागीदार असणं, ही तिथली रोजची गोष्ट आहे.

आता येऊ मुख्य किश्शाकडे. साल २००६. तीच स्पर्धा, ठिकाण लास व्हेगसचं रिओ कॅसिनो. प्रवेश फी १०,००० डॉलर, खेळाडू ८,७७३. पहिलं बक्षीस १ कोटी २० लाख डॉलर. जिंकला जेमी गोल्ड. हा माणूस आधी कलाकारांचा एजंट होता, पुढे टीव्हीच्या धंद्यात आला. त्याची प्रवेश फी एका ऑनलाइन गेमिंग कंपनीनं भरली होती. त्या बदल्यात ओळखीच्या कलाकारांना त्या कंपनीच्या वतीनं स्पर्धेत उतरवायचं होतं.

इथे दुसरा माणूस येतो, क्रिस्पिन लेझर. हाही टीव्हीच्या क्षेत्रातला. त्याचं म्हणणं असं होतं: कलाकार मिळवून द्यायचं काम मी करायचं, आणि जेमी जे जिंकेल त्यातलं निम्मं माझं, असं आमचं ठरलं होतं. कागद नव्हता. सही नव्हती. तोंडी बोलणं.

आता विचार करा. हे बोलणं झालं तेव्हा त्या 'निम्म्या'ची किंमत काय होती? जवळजवळ शून्य. आठ हजारांहून जास्त माणसं खेळतायत, त्यात हा पहिला येईल असं कोण धरून चालेल? त्या दिवशी 'निम्मं तुझं' म्हणायला काहीच लागत नाही. आपण नाही का म्हणत, 'लॉटरी लागली तर तुला गाडी घेऊन देतो'! पण इथे लॉटरी खरंच लागली आणि 'निम्मं' म्हणजे ६० लाख डॉलर झाले.

स्पर्धा संपायच्या सुमारास गोल्डनं लेझरच्या फोनवर एक निरोप रेकॉर्ड करून ठेवला होता. त्याचा आशय असा की तुझा निम्मा वाटा तुला मिळेल, करानंतरची रक्कम मिळेल, माझ्यावर भरवसा ठेव. पुढे पैसे काही आले नाहीत, आणि लेझर कोर्टात गेला. तो निरोप कोर्टात पुरावा म्हणून आला. नेवाडातल्या न्यायालयानं वादातली निम्मी रक्कम, ६० लाख डॉलर, वाद मिटेपर्यंत कुणाला द्यायची नाही असा आदेश दिला. जगज्जेता झालाय, पण निम्मे पैसे अडकलेत. शेवटी २००७ च्या फेब्रुवारीत दोघांनी तडजोड केली. कुणाला किती मिळालं हे बाहेर आलं नाही. खटला निकालापर्यंत गेलाच नाही, त्यामुळे कोण खरा आणि कोण खोटा हे कोर्टानं कधी सांगितलं नाही. आपणही ते ठरवायला नको.

पण या किश्शातून मला जे दिसतं ते सांगतो. आपल्याला वाटतं की दुसऱ्याच्या पैशावर खेळणाऱ्यावरचा भरवसा हरल्यावर तुटतो. पोरगा पैसे घेऊन गेला, हरला, आणि भांडण झालं. तसंही होतं, पण ते भांडण लहान असतं. हरल्यावर वाटायला काही उरतच नाही. लावणाऱ्याला आधीच माहीत असतं की पैसे जाऊ शकतात. खरी परीक्षा जिंकल्यावर होते. शब्द दिला तेव्हा त्याची किंमत शून्य होती, आणि पाळायची वेळ आली तेव्हा ती लाखांत गेली, तिथे माणूस कसा वागतो हा प्रश्न आहे.

भिशी माहितीये ना तुम्हाला? दहा जण दर महिन्याला पाच-पाच हजार भरतात आणि दर महिन्याला एक जण सगळे उचलतो. भिशीत सगळ्यात जास्त भरवसा कुणावर ठेवावा लागतो? ज्यानं पहिल्याच महिन्यात उचल घेतली त्याच्यावर. त्याचं काम झालेलं असतं. पुढचे नऊ महिने तो केवळ शब्दाखातर भरत असतो. स्टेकिंगमधला जिंकलेला खेळाडू अगदी त्याच जागी असतो. पैसे त्याच्या खात्यात, त्याच्या नावावर. बाकीच्यांच्या हातात फक्त त्याचा शब्द.

बरं, आता भरवसा मोडायच्या जागा एकेक करून बघू. 

पहिली जागा: शंभर टक्क्यांपेक्षा जास्त विकणं. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण हिशोब करून बघा. ५०,००० ची स्पर्धा. खेळाडू तीन वेगवेगळ्या ग्रुपवर प्रत्येकी ५० टक्के विकतो. एका ग्रुपला दुसऱ्याचं माहीत नाही. जमा झाले ७५,०००. तो हरला, तर कुणालाच काही द्यायचं नाही, २५,००० खिशात. तो जिंकला आणि ४ लाख मिळाले, तर देणं लागतं ६ लाख! म्हणजे या माणसाचा फायदा हरण्यात आहे. तुम्ही त्याच्या जिंकण्यावर पैसे लावलेत आणि तो मनातल्या मनात हरायची वाट बघतोय. म्हणून कुणाचा हिस्सा घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: एकूण किती विकलेस, कुणाकुणाला, आणि तुझे स्वतःचे किती राहिले? ही यादी सगळ्या हिस्सेदारांना एकाच मेसेजमध्ये दिसली पाहिजे. सांगायला जो टाळाटाळ करतो त्याला पैसे देऊ नयेत, बस.

दुसरी जागा उलट्या बाजूची आहे. यात गडबड पैसे लावणाऱ्याची असते. मित्र म्हणतो, 'माझे दहा टक्के धर, पैसे संध्याकाळी टाकतो.' संध्याकाळ होते, पैसे येत नाहीत. खेळाडू हरला, की हा मित्र गायब. 'अरे, मी कुठे पक्कं म्हटलं होतं?' आणि खेळाडू जिंकला, की हाच मित्र आधी फोन करतो. 'आपले दहा टक्के ना रे?' हे फुकटचं तिकीट झालं. जिंकलो तर आपण, हरलो तर तू. यावर उपाय सोपा आहे: पहिला पत्ता वाटायच्या आधी पैसे पोचले नाहीत तर हिस्सा नाही. मित्र कितीही जवळचा असो. खेळाडूनं हे आधीच स्पष्ट सांगून ठेवावं, म्हणजे नंतर वाईटपणा येत नाही.

तिसरी जागा: पुन्हा एन्ट्री. बऱ्याच स्पर्धांमध्ये बाहेर पडलं तरी परत फी भरून बसता येतं. तुम्ही १० टक्के घेतलेत. तो पहिल्या फीत बाहेर पडला, मग स्वतःच्या खिशातून दुसरी फी भरली आणि त्यात जिंकला. तुमचा वाटा आहे की नाही? तुम्ही म्हणणार, 'मी स्पर्धेवर पैसे लावले होते.' तो म्हणणार, 'तू त्या एका फीवर लावले होतेस.' दोघंही मनापासून बोलतायत, दोघांनाही आपलंच बरोबर वाटतंय. इथे कुणाची नियत वाईट नाही, फक्त आधी बोलणं झालेलं नाही. स्वॅपचंही तसंच. दोन खेळाडू एकमेकांना आपापले पाच-पाच टक्के देतात, पैशांची देवाणघेवाण नाही, नुसतं हातावर हात. मग एक जण मोठं बक्षीस घेतो आणि दुसऱ्याला आठवतं, 'आपला स्वॅप होता ना?' तो कालच्या स्पर्धेचा होता की आजच्या? पहिल्या एन्ट्रीचा की सगळ्या? पाच मिनिटांचा मेसेज केला असता तर हा प्रश्नच आला नसता.

चौथी जागा, आणि इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो: कर. आपल्याकडे पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर सरळ ३० टक्के कर आहे, त्यातून खर्च वजा करता येत नाही. समजा ४ लाख जिंकले. ३० टक्क्यांनी १ लाख २० हजार टीडीएस कापला गेला, तोही खेळाडूच्या पॅनवर. हातात आले २ लाख ८० हजार. तुम्ही ४० टक्क्यांचे हिस्सेदार. तुमचे ४० टक्के कशावर? पूर्ण ४ लाखांवर धरले तर १ लाख ६० हजार. मग ६० टक्क्यांच्या मालकाला, म्हणजे ज्यानं रात्रभर बसून खेळ केला त्याला, उरले १ लाख २० हजार. तुमच्यापेक्षा कमी! हातात आलेल्या रकमेवर धरले तर तुमचे १ लाख १२ हजार आणि त्याचे १ लाख ६८ हजार. दोन्हींमध्ये ४८,००० चा फरक. आता आठवा, गोल्डच्या त्या निरोपातही 'करानंतर' हा मुद्दा होता. अमेरिकेत यासाठी निदान एक सरकारी फॉर्म आहे, ५७५४ नंबरचा. बक्षीस एकाच्या नावावर असलं तरी खरे हिस्सेदार कोण आणि कुणाचा वाटा किती हे त्यावर लिहून देता येतं, म्हणजे कर ज्याच्या-त्याच्या नावावर लागतो. आपल्याकडे मित्रामित्रांत हे ठरतं ते चहाच्या टपरीवर. निदान ठरवा तरी. आणि रक्कम मोठी असेल तर आधी सीएला विचारा, जिंकल्यानंतर नाही.

पाचवी जागा जरा खोल आहे. आत्तापर्यंत आपण एका स्पर्धेबद्दल बोललो. पण व्यावसायिक खेळाडूंमध्ये लांब पल्ल्याचे करार असतात. एक जण वर्षभर सगळ्या फी भरतो, आणि नफा झाला की निम्मा-निम्मा. त्यात मेकअप नावाची अट असते. चेहऱ्याचा मेकअप नव्हे! मेकअप म्हणजे आधीचा तोटा. तो भरून निघेपर्यंत खेळाडूला नफ्यातला वाटा नाही.

उदाहरण घ्या. खेळाडू ६ लाखांनी मागे आहे. मग तो एका स्पर्धेत ५ लाखांचा नफा कमावतो. ग्रुपवर अभिनंदन, फोटो, हार. त्याला मिळतात किती? शून्य. सगळे पैसे लावणाऱ्याकडे, आणि तरी १ लाख मेकअप शिल्लकच. पुढच्या वेळी ३ लाखांचा नफा झाला, तर आधी तो १ लाख फिटणार आणि उरलेल्या २ लाखांतले निम्मे, म्हणजे १ लाख, त्याचे.

कागदावर हे रास्त आहे. ज्यानं तोटा सोसला त्याचा तोटा आधी भरून निघावा, यात गैर काय? पण त्या खेळाडूच्या जागी बसून बघा. ६ लाख मागे असलेल्या माणसाला जिंकूनही काही मिळणार नाहीये. घरभाडं तर द्यायचंय. मग मनात वाटा फुटतात. लक्ष न देता खेळायचं, कारण हरलो तरी पैसे त्याचे. किंवा चांगला दिवस असला की गुपचूप स्वतःच्या पैशानं खेळायचं आणि वाईट दिवस कराराच्या खात्यात टाकायचे. किंवा सरळ फोन बंद करून गायब व्हायचं. यातलं शेवटचं निदान दिसतं तरी. पहिली दोन दिसतच नाहीत. स्पर्धेचा निकाल जाहीर होतो, कुणीही बघू शकतं. पण रोख पैशांच्या टेबलावर कोण किती हरलं, किती घेऊन उठलं, हे खेळाडू सांगेल तेच. म्हणून जुने लावणारे रोख खेळासाठी पैसे देताना स्पर्धेपेक्षा दहापट जास्त विचार करतात.

आणि इथे प्रामाणिकपणाचा भार एकट्या खेळाडूवर टाकून चालणार नाही. सहा लाख मागे गेलेल्या पोराला 'खेळत राहा, निघेल' म्हणत अडकवून ठेवणं, हीसुद्धा एक प्रकारची सावकारीच आहे. किती तोटा झाला की थांबायचं, हे पहिल्या दिवशी ठरायला हवं. करार संपला तर मेकअपचं काय, हेही. बरेच जण असं ठरवतात की लावणाऱ्यानं स्वतःहून करार मोडला तर मेकअप माफ, आणि खेळाडू मध्येच सोडून गेला तर त्यानं तो फेडायचा. यात दोघांवरही थोडा लगाम राहतो.

सहावी जागा फक्त दोघांपुरती नाही, ती टेबलावरच्या सगळ्यांशी संबंधित आहे. एकाच माणसानं दोन खेळाडूंवर पैसे लावलेत आणि ते दोघं एकाच टेबलावर आले तर? दोघांनी एकमेकांना सांभाळून खेळावं, असा मोह लावणाऱ्यालाही होतो आणि खेळाडूंनाही. पोकरचा नियम स्वच्छ आहे, प्रत्येकानं आपल्यापुरतं खेळायचं. एकमेकांना सूट देऊन खेळणं म्हणजे टेबलावरच्या बाकी सात जणांना लुटणं. त्यांनी तर तुमच्या कराराला कधी हो म्हटलेलं नसतं. त्यामुळे पैसे लावणारा जर सांगू लागला की 'त्याच्याविरुद्ध जरा हळू खेळ', तर तिथे त्याचा शब्द मोडणं हेच प्रामाणिकपणाचं आहे. घेतलेल्या पैशांच्या बदल्यात तुम्ही त्याला फक्त नफ्यातला वाटा कबूल केलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ करार करू, सह्या करू, नाहीतर कोर्ट आहेच. तर थांबा, इथे आपल्याकडे एक गंमत आहे, आणि ती खास महाराष्ट्राशी जोडलेली आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात ३० वं कलम आहे. पैजेचा करार शून्यवत, म्हणजे तो कोर्टातून वसूल करता येत नाही. पण पैज लावण्यासाठी दोन माणसांनी केलेली भागीदारी? तीही शून्यवत का? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५९ चा घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैय्या हा खटला. दोन भागीदार होते. त्यांनी हापूडच्या व्यापाऱ्यांशी गव्हाचे सट्ट्याचे सौदे केले होते, नफा-तोटा निम्मा-निम्मा असं ठरवून. तोटा झाला. एकानं व्यापाऱ्यांचे सगळे पैसे चुकते केले आणि दुसऱ्याकडे त्याचा वाटा मागितला. दुसरा म्हणाला, हा तर सट्टा, आपली भागीदारीच बेकायदा, मी कशाला देऊ? पत्त्यांचा संबंध नव्हता, पण भांडण तेच ना! सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पैजेचा करार शून्यवत असला तरी तो बेकायदा नाही, त्यामुळे त्याला जोडून केलेली भागीदारी बेकायदा ठरत नाही. हात वर करणाऱ्याची सुटका झाली नाही.

पण जुन्या मुंबई प्रांतात १८६५ सालचा एक वेगळा कायदा होता. पैजेला मदत करण्यासाठी जाणूनबुजून केलेले करारसुद्धा शून्यवत, असं तो म्हणतो. म्हणून कायद्याच्या पुस्तकांत आजही हा मुद्दा शिकवताना महाराष्ट्र आणि गुजरातचा वेगळा उल्लेख येतो. आता पोकर ही पैज आहे की कौशल्याचा खेळ, यावर आपल्या वेगवेगळ्या हायकोर्टांनी वेगवेगळं म्हटलेलं आहे. थोडक्यात काय, मित्राला गोव्याला पाठवलंत, तो जिंकला आणि त्यानं फोन उचलला नाही, तर पुण्याच्या कोर्टातून पैसे मिळतीलच असं कुणी वकील तुम्हाला छातीठोकपणे सांगणार नाही.

म्हणजे लिहून ठेवण्याला अर्थ नाही का? आहे, खूप आहे. गोल्ड-लेझरच्या भांडणात दोघांनाही आपलं म्हणणं मांडायला वकील लागले, कारण सुरुवातीला काय ठरलं होतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असलं की कोर्टात नाही तर निदान दोघांच्या मनात तरी शंका राहत नाही. बहुतेक माणसं बदमाश नसतात हो. पण चार लाख समोर आले की स्मरणशक्ती आपल्या बाजूनं झुकते. 'मी तर फक्त पहिल्या एन्ट्रीचं म्हटलं होतं', असं त्याला खरंच आठवायला लागतं. लिहिलेला मेसेज त्या झुकलेल्या स्मरणशक्तीला सरळ करतो.

आणि मेसेज मोठा लागत नाही. एक नमुना वाचून दाखवतो, हवा तर थांबवून लिहून घ्या.

'अमुक तारीख, अमुक स्पर्धा, फी ५०,०००. मी एकूण ४० टक्के विकतोय, दर १.२. घेणारे चौघे, नावं खाली दिली आहेत. तुझे १० टक्के, ६,००० रुपये, आज मिळाले. पुन्हा एन्ट्री घेतली तर ती माझ्या एकट्याची, तिच्यात वाटा नाही. वाटप टीडीएस कापून हातात येईल त्या रकमेवर. पैसे माझ्या खात्यात आल्यापासून सात दिवसांत तुझ्या खात्यात. एका खेळाडूशी ५ टक्क्यांचा स्वॅप आहे, तो माझ्या ६० टक्क्यांमधून.'

बस, एवढंच. समोरच्यानं खाली 'मान्य' लिहायचं. हे सगळं पहिला पत्ता पडायच्या आधी. सात दिवसांचे चौदा करा, कर वेगळ्या पद्धतीनं धरा, ते तुमचं तुम्ही ठरवा. आधी ठरलं पाहिजे, एवढाच आग्रह.

मग खेळाडूनं एक सवय लावून घ्यावी. वाईट बातमी आधी सांगायची. बाहेर पडलो तर दहा मिनिटांत मेसेज: 'बाहेर पडलो, अमुक हातात गेलो.' ज्याला हरल्याचं लगेच सांगता येतं, त्याच्या जिंकल्याच्या हिशोबावर लोक विश्वास ठेवतात. दोन दिवस गप्प राहून मग सांगितलं, तर खरं सांगूनही संशय उरतोच. पैसे लावणाऱ्यानंही एक पथ्य पाळावं. खेळ चालू असताना 'काय झालं? काय झालं?' असे मेसेज करायचे नाहीत. आणि हरला तर टोमणे मारायचे नाहीत. पैसे जातील हे धरूनच आपण दिले होते. जे गेले तर घरात चणचण भासेल, असे पैसे यात लावायचेच नाहीत. उधार घेऊन तर मुळीच नाही.

मला विचाराल तर कुणाच्या पोकरवर पैसे लावण्याआधी तो कसा खेळतो हे मी दुसऱ्या नंबरला बघेन. आधी बघेन की तो छोटे हिशोब कसे ठेवतो. ट्रिपचा खर्च वाटताना आकडे स्वतःहून टाकतो की तीनदा मागावे लागतात? कुणाचे दोनशे रुपये द्यायचे असतील तर लक्षात ठेवतो का? चांगला खेळाडू हरू शकतो, ते नशिबाचं. पण दोनशे रुपयांचा हिशोब विसरणारा माणूस दोन लाखांचा हिशोब जिंकल्याच्या रात्री आठवेल, अशी आशा कशाच्या जोरावर ठेवायची?

आणि हे पोकरपुरतंच नाही. मित्राच्या चहाच्या गाड्यात पैसे टाकताय, कुणाच्या स्टार्टअपमध्ये शब्दावर काम करताय, भावाबरोबर प्लॉट घेताय, तिथेही 'यश आलं तर काय' हे कुणी बोलत नाही. बुडालं तर काय, याची चर्चा होते. चाललं तर निम्मं-निम्मं, एवढ्यावर भागवतो आपण. ते निम्मं कशाचं, कधी, कर कापून की न कापता, हे आज विचारलं तर मित्र रागावणार नाही. आज त्या प्रश्नाची किंमत शून्य आहे, म्हणूनच तो आज विचारायचा.

चला, इथेच थांबतो. ग्रुपवर 'टक्के विकतोय' असा मेसेज कुणी टाकला असेल तर हा भाग त्याला पाठवा, आणि घेणाऱ्यालाही. तुमच्याकडे भागीदारीचे असे किस्से असतील तर नावं न घेता लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, हिशोब चोख ठेवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!